नाताळाची दुसरी ओळख

नाताळ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. त्याचा मूळ अर्थ एवढाच: जन्म. कोणाचा, हे सांगावे लागत नाही. मराठी ख्रिस्ती घरात या शब्दाची ओळख दोनदा होते. पहिली लहानपणी होते आणि तिच्यासाठी काही करावे लागत नाही. दारावर कागदी चांदणी लागते, कोपऱ्यात पेंढ्याचा गोठा उभा राहतो, करंज्या-शंकरपाळ्यांचा वास घरभर सुटतो, अर्ध्या रात्री झोपेतून उठवून नवे कपडे चढवले जातात आणि थंडीत सगळे घर चर्चच्या वाटेला लागते. दुसरी ओळख तिशी-चाळिशीत होते, आणि ती प्रत्येकाची होतेच असे नाही. मधली दहा-पंधरा वर्षे अनेकांची कोरडी जातात. सण येतो, आनंद येत नाही. लहान मुलाला जो सण आयता मिळत होता तो आता उभा करावा लागतो: खरेदी, गाडीची तिकिटे, रजेचा अर्ज, पाहुण्यांची सोय. सणातले काम एकाच्या वाट्याला येते आणि सण दुसऱ्याच्या.

या कोरडेपणावर बालपण परत आणण्याचा उपाय बहुतेक जण करून पाहतात. तेच गाणे लावायचे, तोच पदार्थ करायचा, तशीच चांदणी शोधायची. त्यातून हुरहूर मिळते, आनंद मिळत नाही. प्रौढ माणसाचा नाताळ मागे जाऊन सापडत नाही, तो मूळ कथेत शिरल्यावर सापडतो. ती कथा लहान मुलांना सांगितली जात असली तरी तिच्यातली माणसे मोठी आहेत. तिच्यात बाळ आहे, पण ते एक शब्दही बोलत नाही.

आधी मोठेपण आणि मग गव्हाणी, या क्रमाला ख्रिस्ती मंडळीचा इतिहासही दुजोरा देतो. नव्या करारातील पौलाची पत्रे बहुतेक शुभवर्तमानांच्या आधीची आहेत, आणि ख्रिस्त स्त्रीपासून जन्मला यापलीकडे पौल त्या जन्माबद्दल जवळजवळ काही सांगत नाही. मार्काचे शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक चारांत सर्वांत जुने मानतात. त्याची सुरुवात यार्देन नदीवर होते आणि तेथे येणारा येशू पूर्ण वाढलेला पुरुष आहे. जन्मकथा फक्त मत्तय आणि लूक सांगतात, आणि दोघेही तारीख देत नाहीत. पुनरुत्थानाचा सण मंडळी फार आधीपासून पाळत होती. २५ डिसेंबर हा जन्मदिन म्हणून पाळल्याची सर्वांत जुनी खूण रोमची आहे, इसवी सन ३३६ ची, आणि ती ३५४ साली संकलित झालेल्या एका पंचांगवजा ग्रंथात टिकून राहिली. हीच तारीख का, याची दोन उत्तरे दिली जातात. एक असे की सम्राट ऑरेलियनने २७४ साली अजिंक्य सूर्याच्या उपासनेला राजमान्यता दिली होती आणि त्या सूर्योत्सवाच्या जागी ख्रिस्तजन्म बसवला गेला. दुसरे असे की ख्रिस्ताची गर्भधारणा २५ मार्चला झाली अशी जुनी गणना होती, तिच्यात नऊ महिने मिळवले. वाद मिटलेला नाही, आणि श्रद्धेला तो मिटण्याची गरजही नाही. महत्त्वाचे हे की मंडळीने आधी क्रूसावरचा आणि कबरेतून उठलेला ख्रिस्त ओळखला आणि नंतर मागे वळून गव्हाणीकडे पाहिले. मोठ्या वयात नाताळाकडे परतणारा माणूस उशिरा आलेला नसतो. तो मंडळीच्याच वाटेने आलेला असतो.

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा या परतीच्या वाटेसाठी विशेष पाहण्यासारखा आहे, कारण येथे प्रौढ माणूस आला तो कामासाठी, आणि बहुतेक वेळा आपले चर्च, आपली भाषा आणि आजीचा फराळ मागे ठेवून. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच दशकात टेल्को आणि बजाज ऑटो आल्या. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली तेव्हा खेड्यांचे शहर झालेलेच होते. पुढे चाकणला २००९ च्या सुमारास मर्सिडीझ-बेंझ आणि फोक्सवॅगनचे कारखाने सुरू झाले आणि महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांत भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या. कामगारांबरोबर ख्रिस्ती माणूसही आला, पण तो एका जातीचा नव्हता. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातला मराठी ख्रिस्ती, वसईचा आणि गोव्याचा कॅथलिक, केरळचा सुरियानी (सीरियन परंपरेचा), तमिळ, झारखंड-ओडिशाचा आदिवासी, अशी ही मिसळ आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. त्या एकातही इतक्या भाषा आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) कॅथलिक मिस्सा लोकभाषांत होऊ लागली, त्यामुळे एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या भाषांत तोच विधी चालतो. केरळी सुरियानींपैकी सिरो-मलंकारा कॅथलिकांसाठी तर २०१५ मध्ये शेजारच्या खडकीचे नाव धारण करणारे स्वतंत्र धर्मक्षेत्रच निर्माण झाले.

येथला सण घड्याळाशी आणि हजेरीशी झगडत होतो. पिंपरी-भोसरीच्या औद्योगिक भागात साप्ताहिक सुटी परंपरेने गुरुवारी असते, कारण वीजपुरवठ्याचा ताण विभागण्यासाठी सुट्यांचे वार भागाभागांत वाटले गेले. गुरुवारी सुटी म्हणजे रविवारी काम, आणि ख्रिस्ती कामगाराला हे दिसते त्याहून जड जाते. नाताळाच्या आधीचे चार रविवार हा आगमनकाळ. सण मनात रुजतो तो या चार रविवारांत. ते चारही ज्याचे यंत्रावर जातात, त्याच्यापर्यंत २५ डिसेंबर तयारीवाचून येऊन पोचतो. त्यातच पाळ्या तीन. चोवीस तारखेच्या रात्री तिसरी पाळी लागलेल्याची मध्यरात्रीची मिस्सा बुडते आणि सकाळी पेंगुळलेल्या डोळ्यांनी तो पहिल्या मिस्सेला उभा राहतो.

(या पट्ट्यात २५ डिसेंबरला आणखी एक अर्थ आहे आणि त्याचा उल्लेख येथे व्हायला हवा. १९५४ साली याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. शेजारच्या वस्तीत त्या दिवशी दुसऱ्या कारणासाठी मेणबत्त्या लागतात, आणि त्या शेजाराचा आदर ठेवूनच येथला नाताळ साजरा होतो.)

पाळ्यांच्या आणि परगावच्या या परिस्थितीत लूकाचा दुसरा अध्याय वाचला की त्यातले तपशील वेगळे दिसू लागतात. या अध्यायाची सुरुवात देवदूताने होत नाही, सरकारी हुकमाने होते. कैसर औगुस्ताने नावनिशी लिहिण्याचा आदेश काढला, म्हणून योसेफाला दिवस भरत आलेल्या मरीयेसह नासरेथ सोडून बेथलेहेमला जावे लागले. कागदावर नाव चढवण्यासाठी दूरच्या गावी जावे लागणे म्हणजे काय, हे परगावी राहणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. योसेफाचा धंदा मराठी बायबलात सुतारकीचा आहे. मूळ ग्रीक शब्द 'टेक्टोन' हा लाकूड किंवा इतर माल घडवणाऱ्या कारागिराला लागू पडतो. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. तो ऐकतो, उठतो आणि करतो. घर चालवणाऱ्या आणि फार न बोलणाऱ्या बापांना नाताळाच्या देखाव्यात आपली जागा सापडते ती या पुतळ्यापाशी. लहानपणी त्या पुतळ्याकडे सहसा कोणाचे लक्ष गेलेले नसते.

मराठी बायबल म्हणते की उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. लूकाने वापरलेला शब्द 'कटाल्युमा' आहे. त्याचा अर्थ पाहुण्यांची खोली असाही होतो आणि शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी लूकाने तोच शब्द वापरला आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील पैसे घेणाऱ्या धर्मशाळेसाठी मात्र त्याने दुसरा शब्द योजला आहे. म्हणून पुष्कळ अभ्यासक असे वाचतात की घर नातेवाइकांचे होते, फक्त माणसांनी भरलेले होते, आणि बाळ गुरांच्या जागेत, गव्हाणीत ठेवावे लागले. दारे बंद करणारा दुष्ट धर्मशाळावाला लूकाच्या मजकुरात नाही, तो नाटकांनी घातला आहे. जे आहे ते अधिक ओळखीचे आहे: जागा अपुरी, माणसे जास्त, सोय करून घेतलेली. चाकणला खोली 'कॉट बेसिस'वर मिळते, म्हणजे भाडे खोलीचे नसून एका खाटेचे. एक जण पाळीवरून आला की दुसरा उठतो. त्या खोलीत ही ओळ वाचणाऱ्याला तिचे स्पष्टीकरण नको असते.

मग मेंढपाळ. जन्माची बातमी राजवाड्यात किंवा मंदिरात न जाता आधी रानात रात्री राखण करणाऱ्यांना मिळाली. महाराष्ट्रात हे दृश्य परके नाही. दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेले धनगर वाटेत शेतात मेंढरे बसवतात आणि रात्रभर जागतात. औद्योगिक भाषेत बोलायचे तर ती माणसे रातपाळीवर होती. जगातल्या पहिल्या नाताळाला जे हजर राहिले ते कामावरून आले होते आणि लूक सांगतो की नंतर ते परतही गेले. मिस्सा बुडालेल्या कामगाराला धर्मगुरू कधी कधी हे सांगून धीर देतात. हा निव्वळ धीर नाही, तो मजकुराचा सरळ अर्थ आहे. केरळच्या सुरियानी मंडळीत २५ दिवसांच्या उपासानंतर नाताळच्या विधीत चर्चच्या आवारात क्रूसाच्या आकाराच्या खड्ड्यात अग्नी पेटवतात, मागच्या झावळ्यांच्या रविवारच्या सुकलेल्या झावळ्या त्यात घालतात, ऊद टाकतात आणि भोवती प्रदक्षिणा घालतात. त्या जाळात मेंढपाळांची शेकोटी पाहिली जाते.

मत्तयाची कथा याहून काळोखी आहे, आणि मुलांच्या कार्यक्रमात तिचा निम्मा भाग गाळला जातो. मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक आले, त्यांनी सोने, ऊद आणि गंधरस दिला, इथवर पडदा पडतो. मागी किती होते ते मत्तय सांगत नाही. तीन हा आकडा भेटवस्तूंवरून आला. पडद्यानंतर राजा हेरोद बेथलेहेमची मुले मारतो आणि योसेफ रातोरात बायको-मुलाला घेऊन मिसरला पळतो. २८ डिसेंबरला मंडळी त्या निरागस बालकांचे स्मरण करते. एवढे दुःख सणाच्या चौथ्या दिवशीच का ठेवले, हा प्रश्न मूल विचारत नाही. ज्याच्या घरी त्या वर्षी कोणी गेले आहे, ज्याची नोकरी सुटली आहे, तो विचारतो, आणि त्याला कळते की या सणात यायला हसरा चेहरा करून यावे लागत नाही. लूकाच्या देवदूताने ज्या मोठ्या आनंदाची घोषणा केली ती भीतीने थरकापलेल्या माणसांपुढे केली होती.

या आनंदाचे कारण ख्रिस्ती धर्मात एका शब्दात सांगितले जाते: देहधारण. ३२५ साली निकिया येथील धर्मपरिषदेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले. जो बाळंत्यात गुंडाळला आहे तो देवाचा निरोप्या नाही, प्रत्यक्ष देव आहे, असा त्याचा अर्थ होतो. मराठी ख्रिस्ती लेखनात 'अवतार' शब्दाऐवजी 'देहधारण' शब्द घेतला जातो, आणि त्यामागे विचार आहे. अवतार पुनःपुन्हा होतात, देहधारण एकदाच झाले आणि पुरते झाले: भूक, झोप, थकवा, हातावरचे घट्टे आणि मरण यांसह. देव सामर्थ्य घेऊन आला असता तर आश्चर्य वाटले नसते. तो दुसऱ्याने उचलून घेतल्याशिवाय हलू न शकणाऱ्या रूपात आला, हे नाताळाचे म्हणणे आहे. मत्तयाने दिलेल्या इम्मानुएल या नावाचा अर्थ 'आम्हासंगे देव' असा आहे. 'संगे', म्हणजे सोबत, हा त्यातला मुख्य शब्द. प्रौढपणी मजा कमी होत गेली तरी आनंद वाढू शकतो तो याच कारणाने. मजा प्रसंगावर अवलंबून असते आणि हा आनंद सोबतीवर.

मराठीत ही कथा पहिल्यापासून मोठ्या माणसांसाठी सांगितली गेली. मूळचे इंग्लंडचे, १५७९ साली गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ओवीबद्ध असलेल्या या ग्रंथाचे वाचक नव्याने ख्रिस्ती झालेले, पुराण ऐकण्याची सवय असलेले लोक होते. त्यांना नाताळ आठवणीतून मिळालेला नव्हता, तो समजून घ्यायचा होता. पुढे १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट ज्या प्युरिटन परंपरेचे वारस होते, तिने मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. कोकण-पुण्यात आलेल्या स्कॉटिश मिशनच्या मायदेशी नाताळ सार्वजनिक सुटी झाला तो १९५८ मध्ये. तेव्हा मराठी प्रोटेस्टंट घरांतल्या नाताळाची ऊब मिशनच्या बंगल्यातून आली असे म्हणता येत नाही. ती मराठी गावाच्या सणाच्या जाणिवेतून आली: फराळ, शेजारी पाठवलेली ताटे, पेटी-टाळांवरचे भजन, कीर्तन.

या प्रवाहाला ज्यांनी स्वतःचा आवाज दिला ते नारायण वामन टिळक वयाच्या तिशीत ख्रिस्ताकडे आले. १८९३ मध्ये राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांना पकडले ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने, म्हणजे प्रौढ ख्रिस्ताच्या शब्दांनी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढची काही वर्षे पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. मग त्या आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्या दुरावलेल्या वर्षांची हकीकत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथेत आहे. ख्रिस्ताच्या जन्मापासूनचे चरित्र सांगणारे 'ख्रिस्तायन' टिळकांनी लिहायला घेतले आणि १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ते अपुरे होते. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. बेथलेहेमपर्यंत हे दोघेही मोठेपणी, दुःखातून आणि वेगवेगळ्या वाटांनी पोचले. मराठी चर्चच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांची पदे आजही गायिली जातात.

तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. तो सेतू या पट्ट्यातल्या माणसाला चालत जाण्याइतका जवळ आहे. देहू आणि आळंदी ही गावे कारखान्यांच्या सीमेवरच आहेत आणि पालखी याच रस्त्यांनी जाते. पुण्याचे बिशप म्हणून काम केलेले थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेटसाठी अभ्यासला तो तुकारामांचा देवानुभव. देवाला माउली म्हणणाऱ्या, त्याने जवळ यावे म्हणून तळमळणाऱ्या भाषेत वाढलेल्या माणसाला आगमनकाळ लवकर कळतो. वारकरी ज्याची वाट पाहतो आणि ख्रिस्ती ज्याची वाट पाहतो त्यांत भेद आहे, आणि तो पुसून टाकू नये. वाट पाहण्याची रीत मात्र दोघांनाही याच मातीने शिकवली.

प्रौढाच्या नाताळाची बांधणी म्हणून या वाट पाहण्यापासून सुरू होते. बाजाराचा नाताळ नोव्हेंबरअखेर मॉलमध्ये उभा राहतो आणि २५ च्या रात्री संपतो. चर्चचा तेव्हा नुकताच सुरू झालेला असतो. आधीचे चार आठवडे जांभळ्या वस्त्रांचे, थोड्या संयमाचे. दर आठवड्याला एक मेणबत्ती वाढते. पाळीवरच्या माणसासाठी गुरुवारी संध्याकाळी घरी, नाहीतर इमारतीच्या गच्चीवर चार घरांनी मिळून वाचन आणि गाणी करणे ही सोय पुरेशी आहे. आगमनकाळाच्या प्रार्थनेला रविवारच लागतो असे नाही. गोठा मुलांबरोबर बांधावा, पण गव्हाणी २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवण्याची जुनी रीत मोठ्यांनी सोडू नये. १२२३ साली ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने पहिला देखावा मांडला तेव्हा पेंढा आणि खरी जनावरे आणली होती, आणि पाहणारे आसपासचे साधे गावकरी होते. सणानंतरचे दिवसही वापरावेत. ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चांदणी उतरवायची घाई नसते, आणि पंचवीसला कामावर असलेल्यांच्या घरी तोपर्यंत कधीही जाता येते.

लूकाची जन्मकथा संपते ती त्याही पुढे, चाळिसाव्या दिवशी, यरुशलेमच्या मंदिरात. तिची सुरुवात जखऱ्या आणि अलीशिबा या म्हाताऱ्या, मूलबाळ नसलेल्या जोडप्याने झाली होती आणि शेवटही म्हाताऱ्यांनीच होतो. आयुष्यभर वाट पाहिलेला शिमोन बाळाला हातांवर घेतो आणि आता जायला हरकत नाही असे म्हणतो. चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा हन्ना, जी मंदिर सोडून जात नसे, त्याच वेळी पुढे येते आणि भेटेल त्याला बाळाविषयी सांगू लागते. चर्चमध्ये हा दिवस २ फेब्रुवारीला येतो. त्या दिवशी मेणबत्त्या आशीर्वादित केल्या जातात आणि लोक त्या पेटवून हातात धरतात.